नाल

एकोणीस वर्षं मी उभ्यानं नोकरी केली.
पुलाच्या केबिनमध्ये खुर्ची होती, निळी, चाकांची,
तिच्यावर मी कोट ठेवायचे आणि डबा.
बोट आली की बटण दाबायचे,
रस्ता उठून आभाळाला टेकायचा,
आणि मी गळाला बांधलेला लाकडी बूट
खाली सोडायचे, टोलच्या नाण्यांसाठी.
नावाडी विचारायचे, 'वीत्स्के, बसत का नाहीस?'
मी म्हणायचे, 'उभं राहिलं की लांबचं दिसतं.'

कुठं दुखतं हे सांगायला शब्द लागतो.
आईकडे होता, 'तिथलं'.
पहिल्या डॉक्टरकडे 'नाजूक'.
दुसऱ्याकडे मलम. तिसऱ्यानं चिठ्ठी दिली मानसोपचाराची,
आणि एक जण म्हणाला, आधी ग्लासभर वाइन घेऊन बघा.
त्या रात्री वाइन प्यायलेली मी
आणि न प्यायलेलं दुखणं
एकाच पलंगावर जागे.
येल्मरनं पाठ फिरवली नाही, तेच जास्त लागलं.
तळहात उघडा ठेवून पडून राहिला,
चिमण्यांना दाणे दाखवावेत तसा.

मग लेवार्डनची डॉक्टर हिडेमा.
हातात फक्त कापूस गुंडाळलेली काडी.
म्हणाली, 'घड्याळ समजा. मी टेकवत जाते, तुम्ही सांगा.'
बारा, काही नाही.
दोन, काही नाही.
चार. थांबा.
पाच, सहा, सात,
लेकराच्या कानात फिरवतात तितकं मऊ टोक,
आणि मी टेबलाची कड सोडून तिचंच मनगट धरलेलं.
तिनं सोडवून घेतलं नाही.
नंतर कागदावर गोल काढला,
चार ते आठ निळ्या शाईनं भरलं
आणि म्हणाली, 'हे खरं आहे.'
एक्केचाळीस वर्षांची मी, कमरेखाली कागदी चादर,
हसतच सुटले.

आजार घोड्याच्या पावलांनी येतो म्हणतात.
माझ्या टापा कुणाला ऐकवता आल्या नव्हत्या.
तिनं समजावलं, योनीच्या उंबऱ्याशी एवढीशी पट्टी,
घोड्याच्या नालेच्या आकाराची, ती कापायची,
आतली निरोगी त्वचा पुढं ओढून शिवायची.
सगळ्यांनाच गुण येतो असं नाही,
हेही तिनंच सांगितलं, मी न विचारता.
सही करताना तो आकार डोक्यातून जाईना.
म्हणजे घोडा इतकी वर्षं इथंच उभा होता,
माझ्यासारखाच, न बसता.

पाऊण तासात झालं.
नाल बाटलीतून प्रयोगशाळेत गेली, अहवाल आला:
मज्जातंतूंची टोकं, असावीत त्याच्या कितीतरी पट.
गर्दी होती तर.
म्हणजे मी एकटी कण्हत नव्हते.

मुंगीच्या पावलांचं मात्र कुणी नीट सांगत नाही.
गोठलेल्या मटारची पिशवी टॉवेलात गुंडाळून.
लघवीच्या वेळी बाटलीनं कोमट पाण्याची धार,
आणि दातांत पदराऐवजी स्वेटरची बाही.
एका सकाळी विरघळून पडलेला टाका सापडला,
काळा, मुंगीएवढाच.
सहाव्या आठवड्यात फिजिओकडे चढत्या मापाच्या नळ्या,
पहिली करंगळीएवढी.
'श्वास सोडा. सोडा. ओढू नका.'
काही दिवस मुंगी उलटीही चालते.
त्या दिवसांत मी डॉक्टरला, आईला, नालेलाही शिव्या दिल्या.

येल्मरचं काय झालं ते इथं लिहीत नाही.
तळहात अजून उघडा आहे, एवढंच.

एप्रिलात बोटी सुरू झाल्या.
कोट खुंटीला लावला.
खुर्चीची उंची कमी-जास्त करायचा दांडा गंजून अडकलेला,
म्हणून होती तशीच, बुटकी, तिच्यावर बसले.
सातच्या जागी अजून टोचतं, टाचणीच्या मागच्या बाजूसारखं.
बसून राहिले.
खालून एक नवखा नावाडी ओरडला,
'वर कुणी आहे का?'
काचेत त्याला माझा भांगसुद्धा दिसत नसावा.
'आहे,' मी म्हटलं,
आणि बसल्या बसल्या
बूट खाली सोडला.